स्वित्झर्लंड, पंचाहत्तर मीटर

"स्वित्झर्लंड पंचाहत्तर मीटर! म्हणजे आपला लळिंगचा किल्ला एव्हरेस्टच झाला की रे."

"आणि हे बघ ना, व्हॅटिकन. तीन हजार सातशे अठरा. पोप काय दोर लावून चढतो का सकाळी?"

धुळ्याच्या पाचव्या गल्लीतलं पुस्तकांचं दुकान होतं. फळीपाशी दोन तरुण उभे होते, स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांचे असतात तसे, खिशाला दोन पेनं आणि बगलेत वर्तमानपत्र. मी त्यांच्यामागे, वह्यांच्या गठ्ठ्याआड. त्यांच्या हातातलं पुस्तक मी बनवलेलं होतं. सगळं नाही, पण भूगोलाची चौऱ्याऐंशी पानं माझी होती. पुस्तकावर माझं नाव कुठेही नव्हतं, आणि मला ते बरंच वाटायचं.

"पुस्तक चांगलं आहे हो," दुकानदार म्हणाले. "एखादं पान इकडेतिकडे व्हायचंच. तेवढं सोडून द्या."

"एक पान असं असेल तर बाकीची कोणी तपासली असतील?" पहिला म्हणाला. त्याने पुस्तक मिटलं आणि फळीवर उलटं ठेवलं.

मला काय हवं, असं दुकानदारांनी विचारलं. मी एक रिफिल मागितली. ती माझ्या पेनात बसणारी नव्हती हे मला माहीत होतं. रिफिल घेतली आणि मावशीकडे परत आले. मावसबहिणीचा साखरपुडा होता, घर माणसांनी भरलेलं होतं, आणि कोणी काही विचारायच्या आत मी कोथिंबीर निवडायला बसले.

तेव्हा मला भूक नव्हती, रडूही येत नव्हतं. फक्त दमल्यासारखं झालं होतं. त्या वर्षी मी बहुतेक वेळ दमलेलीच असायचे.

आम्ही भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील मालगाडीचे गार्ड. शाळा इंग्रजी, नन्सची. घरात मराठी बोलायचो, पण ते बोलण्यापुरतंच. लिहायचं, वाचायचं, पाठ करायचं ते सगळं इंग्रजीत. बी.ए. झाल्यावर वर्षभर घरी होते. मग वडिलांच्या ओळखीतल्या कोणीतरी सांगितलं, की जळगावला एक प्रेस आहे, तिथले शेठ सामान्यज्ञानाची पुस्तकं काढतात आणि इंग्रजीतून माहिती काढून देणारं कोणीतरी त्यांना हवं आहे. तेव्हापासून माझं अपडाऊन सुरू झालं. सकाळची पॅसेंजर, संध्याकाळची पॅसेंजर. उन्हाळ्यात डब्याच्या खिडकीच्या गजाला हात लावता यायचा नाही. बायकांच्या डब्यात भाजी निवडणाऱ्या, स्वेटर विणणाऱ्या, एकमेकींच्या सासवांबद्दल बोलणाऱ्या असायच्या. त्या मला जागा द्यायच्या, बोलायला यायच्या. मी हसायचे आणि बाहेर बघायचे. केळीच्या बागा, मग कापूस, मग परत केळी.

प्रेस म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या भागात शेठचं टेबल आणि पुस्तकांची कपाटं, मागच्या भागात छपाईची दोन ट्रेडल मशीन, आणि मधे, खिडकीच्या उजेडात, खिळ्यांच्या केस. उतरत्या लाकडी पेट्या, त्यांत लहान लहान घरं, प्रत्येक घरात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. तिथे नाना उभे असायचे. नाना कंपोझिटर होते, खिळे जुळवणारे, साठीच्या जवळ आलेले, मूळचे पारोळ्याकडचे. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. ते केसकडे न बघता खिळे उचलायचे. डावा हात ओळ जुळवायची धातूची स्टिक धरून, उजवा हात घराघरांतून फिरत. मी पहिल्या दिवशी बघतच राहिले, तेव्हा म्हणाले, "हातले बी डोळा शेतस बेटी." हातालाही डोळे आहेत.

बाकी सगळे मला मॅडम म्हणायचे. शेठसुद्धा, थोडं कौतुकाने, थोडं गमतीने. मशीन चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळे भाऊ म्हणायचे; ते तर मी पाणी प्यायला उठले तरी "मॅडमला रस्ता द्या, मॅडमला रस्ता द्या" म्हणायचे. नाना मात्र बेटी म्हणायचे.

युरोपचा तक्ता शेठच्या डोक्यातून निघाला. दुसऱ्या एका गाइडमध्ये भारतातल्या राज्यांची सर्वोच्च शिखरं होती. शेठ म्हणाले, "आपण युरोप देऊ. देश, सर्वात उंच ठिकाण, उंची. परीक्षेला कधी ना कधी विचारतीलच." कपाटातून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी अ‍ॅटलास आणि विश्वकोशाचे दोन खंड काढून माझ्यासमोर ठेवले.

तेव्हा तेहतीस देश होते. जर्मनी दोन होत्या, युगोस्लाव्हिया एक होता, सोव्हिएत युनियन होतं. पुढे तीनचार वर्षांत त्यातलं निम्मं बदललं आणि तो तक्ता कोणाच्या उपयोगाचा राहिला नाही. पण त्या एप्रिल-मे महिन्यांत मी तो फार मन लावून केला. मला डोंगरांची आवड होती असं नाही. आमच्या बाजूला डोंगर म्हणजे उत्तरेला सातपुड्याची निळसर रेघ, तीही पावसाळ्यानंतर नीट दिसायची. पण त्या कामात कोणाशी बोलावं लागत नव्हतं.

आणि त्यात गंमतही होती. उंच देशांत नाही, सपाट देशांत. फ्रान्सला चार हजार आठशे सात मीटरचा बर्फाचा डोंगर आहे हे कोणालाही माहीत असतं. पण नेदरलँड्सचं सर्वात उंच ठिकाण तीनशे एकवीस मीटर, आणि तेही अगदी कोपऱ्यात, जिथे तीन देशांच्या हद्दी मिळतात तिथे. डेन्मार्कचं तर त्याहून कमी. भुसावळ स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला पिवळा बोर्ड होता, त्याच्यावर खाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असायची. दोनशे मीटरच्या वरचा आकडा. म्हणजे मी रोज सकाळी ज्या फलाटावर डबा हातात घेऊन उभी असायचे, तो डेन्मार्कमधल्या सगळ्यात उंच टेकडीपेक्षा उंच होता. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं वाटलं, पण कोणाला सांगायचं ते सुचलं नाही.

डेन्मार्कवरून थोडा वाद झाला. अ‍ॅटलासमध्ये एकशे त्र्याहत्तर मीटर होतं. विश्वकोशात खाली बारीक टीप होती: त्या टेकडीवर फार जुन्या काळी लोकांनी मृतांना पुरून वर मातीचे ढीग रचले होते, ते धरून एकशे त्र्याहत्तर. नैसर्गिक जमीन मोजली, तर जवळचीच दुसरी एक टेकडी वरचढ ठरते, एकशे एकाहत्तर मीटर.

शेठ म्हणाले, "दोन मीटरने काय होतं मॅडम? बाकीच्या पुस्तकांत एकशे त्र्याहत्तर असेल. पोरं कन्फ्यूज होतील."

टेबलावरच्या कागदावर शीर्षक लिहिलं होतं, 'युरोपीय देशांतील सर्वोच्च नैसर्गिक ठिकाणे'. 'नैसर्गिक' या शब्दाखाली मी पेन्सिलीने एक रेघ ओढली आणि कागद त्यांच्याकडे फिरवला. शेठनी बघितलं, हसले आणि म्हणाले, "बरं. तुमचं बरोबर."

नाना केसपाशी उभे राहून ऐकत होते. शेठ जेवायला गेल्यावर त्यांनी विचारलं, काय भानगड आहे. मी सांगितलं.

"म्हंजे मानसंस्नी टाकेल माती धरनी नही?"

"नाही."

"मंग बराबर शे. देवनी करं तितलंच मोजो." आणि ते परत खिळे उचलायला लागले. मला आतून फार बरं वाटलं होतं. कोणीतरी माझं म्हणणं मी न बोलता मान्य केलं होतं, दोघांनी, एकाच दिवशी.

चूक त्यानंतरची.

मी तक्ता इंग्रजी क्रमाने केला होता, अ‍ॅटलासमध्ये होता तसा. अल्बानिया, अँडोरा, ऑस्ट्रिया, बेल्जियम असा. नाना म्हणाले, आकड्यांचा कॉलम आधी दे. कारण सांगितलं ते असं, की बाजार समितीचे मोठे तक्ते छापायला येणार होते आणि एकदा ते सुरू झाले की आकड्यांचे खिळे पंधरा दिवस मोकळे होणार नाहीत. आकडे आत्ता लावून, दोरीने बांधून ठेवतो, नावं मागाहून त्यांच्या शेजारी बसवतो. ते नेहमीच तसं करायचे. मी वहीच्या एका पानावर तेहतीस आकडे एकाखाली एक लिहून दिले. शेजारी देशांची-शिखरांची नावं लिहिली नाहीत, जागा वाया जाईल म्हणून.

दोन दिवसांनी शेठ म्हणाले, "मॅडम, नावं मराठी क्रमाने घ्या हं. अ आ इ ई. मुलांना शोधायला सोपं जातं."

मी हो म्हणाले.

मला तो क्रम येत नव्हता. क ख ग घ पर्यंत यायचा, म्हणजे गाण्यासारखा यायचा, पण ट ठ ड ढ आधी की त थ द ध, य र ल व नंतर नक्की काय, ऑस्ट्रियाचा ऑ कुठे धरायचा, अँडोरा अल्बानियाच्या आधी की नंतर, यातलं मला काहीच खात्रीने माहीत नव्हतं. कोणाला विचारणं शक्य नव्हतं. बावीस वर्षांची, बी.ए. झालेली, मराठी घरातली मुलगी मुळाक्षरं विचारणार? घरी जाऊन आईच्या ट्रंकेतून तिचं जुनं अंकलिपीचं पुस्तक काढलं. स्वयंपाकघरात कोणी नसताना तेहतीस चिठ्ठ्या केल्या. प्रत्येक चिठ्ठीवर देश आणि शिखर. ओट्यावर त्या मांडल्या, हलवल्या, परत मांडल्या. आईने आत येऊन विचारलं, "पत्ते खेळतेस का गं एकटीच?" मी म्हटलं, "ऑफिसचं काम आहे." दोन संध्याकाळी गेल्या त्यात. शेवटी क्रम बरोबर लागला. त्याचा मला इतका आनंद झाला, की चिठ्ठ्या डिंकाने कागदावर चिकटवताना आकडे कुठल्या क्रमाने दिलेत हे मनातही आलं नाही.

नानांनी नावं लावली, बांधून ठेवलेला आकड्यांचा कॉलम शेजारी बसवला. तेहतीस नावं, तेहतीस आकडे. एकही जागा रिकामी राहिली नाही की एकही जास्त झाली नाही. तसं झालं असतं तर ते थांबले असते.

तरीही चूक पकडली जायला हवी होती. प्रेसमध्ये प्रूफ तपासायची एक रीत होती. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रूफवर बोट फिरवत जायचं. नानांनी बोलावलं, "ये बेटी, तू वाच, मी देखस."

मी म्हटलं, "मी घरी नेऊन बघते नाना."

त्याचंही कारण होतं. मला मराठी आकडे बोलता यायचे नाहीत. वीसपर्यंत ठीक. पुढे एकोणसाठ की एकोणसत्तर, त्र्याहत्तर की त्रेसष्ट, हे मला मनातल्या मनात इंग्रजीतून वळवून आणावं लागायचं, आणि कोणी समोर असलं की तेही जमायचं नाही. एकदा आधी वाचताना कोणाच्या तरी वयात मी एकोणनव्वदला एकोणऐंशी म्हटलं होतं. मशीनवरचे भाऊ तिकडून ओरडले होते, "मॅडम, दहा वर्सं खाल्ली तुम्ही!" सगळे हसले. वाईट हेतूने नाही. पण त्यानंतर मी कधी मोठ्याने वाचलं नाही.

म्हणून मी प्रूफ घरी नेलं आणि एकटीने तपासलं. नावांचा कॉलम चिठ्ठ्यांच्या कागदावरून, आकड्यांचा कॉलम वहीच्या पानावरून. दोन्ही अगदी बरोबर होते. एकही खिळा चुकला नव्हता. ओळीत आडवं मी वाचलंच नाही. पहिल्या दोनतीन ओळींवर नजर गेलीही होती, पण अँडोरा आणि अल्बानिया दोन्ही डोंगराळ, आकडे जवळपासचे, काही खटकलं नाही. प्रूफच्या कोपऱ्यात मी सही केली.

धुळ्याहून परतताना एस.टी.त मी ते सगळं जुळवून पाहत होते. बस पारोळ्याला थांबली. लोक पाणी प्यायला उतरले. मी पर्समधली माझी प्रत उघडून ओळीने वाचलं. ग्रीससमोर एकशे एकाहत्तर. डेन्मार्कसाठी ज्या दोन मीटरवरून मी पेन्सिलीने रेघ ओढली होती, ते सगळं ग्रीकांच्या देवांच्या डोंगरासमोर जाऊन बसलं होतं. नेदरलँड्सला फ्रान्सची उंची. फ्रान्सला लक्झेंबर्गची, पाचशे एकोणसाठ. मला हसूही आलं असतं, दुसऱ्या कोणाचं असतं तर.

मंगळवारी प्रेसमध्ये पोचले, तेव्हा शेठ नानांच्या केसपाशी उभे होते. धुळ्याच्या दुकानदारांचा फोन येऊन गेला होता.

"नाना, हे काय आहे?" शेठचा आवाज चढलेला नव्हता. तेच वाईट वाटत होतं. "चाळीस वर्षांत असं कधी झालं नाही."

नानांनी चष्मा पुसला, पुस्तक उजेडात धरलं, बोट फिरवत खाली गेले, परत वर आले. "हाई तं बठ्ठंच खालेवर व्हयेल शे," ते म्हणाले. सगळंच खालीवर झालंय.

"मी तेच म्हणतोय. डोळ्यांचं बघा नाना. मागे पण बोललो होतो तुम्हाला."

"डोळा..." नाना म्हणाले, आणि चष्मा परत पुसायला लागले.

मी माझ्या टेबलापाशी गेले, पर्स खुंटीला लावली. छापून झालेल्या मजकुराचे कागद भिंतीवरच्या तारेला ओवलेले असायचे. मला तिथून वहीचं ते पान दिसत होतं. आडव्या निळ्या रेघा, माझ्या अक्षरातले आकडे, उजवीकडे झुकलेले. त्याच्याच खाली डिंकाने फुगलेला चिठ्ठ्यांचा कागद. शेठनी मान वळवली असती तर त्यांनाही दिसलं असतं. त्यांनी वळवली नाही. मीही काही काढून दाखवलं नाही.

ठरलं ते असं, की शुद्धिपत्र छापायचं आणि शिल्लक प्रत्येक पुस्तकात ते चिकटवायचं. "शुद्धिपत्र नाना लावणार नाहीत," शेठ म्हणाले. "दुसऱ्या प्रेसमधून करून आणू." नाना मान हलवून कामाला लागले, त्यांच्यासमोर एका लग्नाची पत्रिका होती. मशीनवरचे भाऊ त्या दिवशी कोणाचीच चेष्टा करत नव्हते.

पट्ट्या बुधवारी सकाळी छापून आल्या, मग तीन दिवस आम्ही खळ लावत बसलो. मैद्याची खळ पातेल्यात, तिला दुपारपर्यंत आंबूस वास यायचा. बाइंडिंगमधल्या दोन बायका, मी, आणि हात मोकळा असेल तेव्हा भाऊ. पान उघडायचं, बोटाने खळ फिरवायची, पट्टी ठेवायची, दाबायची, पुढचं पुस्तक. पट्टीवर आता सगळं बरोबर होतं. पंखा लावता यायचा नाही, पट्ट्या उडायच्या. मान दुखायची, बोटांवर खळीची सालं निघायची. त्या बायकांतली एक म्हणाली, "नानांचं काय खरं नाही आता." दुसरी म्हणाली, "मोतीबिंदू असेल. माझ्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं." मी पट्टी दाबत राहिले.

बुधवारी दुपारी जेवायच्या वेळी नाना माझ्या टेबलापाशी आले. हातात भाकरीचा रुमाल तसाच बांधलेला.

"बेटी, एक इचारू? तू तं तपासं व्हतं ना ते पान?"

"हो," मी म्हटलं.

"मंग मनाच हात चुकना व्हई." माझाच हात. त्यांनी स्वतःच्या उजव्या हाताकडे बघितलं, उलटा करून, सुलटा करून. "तू कसाले चुकशी? तू इतलं शिकेल शेस."

मला तेव्हाच बोलायचं होतं. शब्द तयारही होते, इंग्रजीत. मराठीत ते कसे म्हणायचे याचा विचार करेपर्यंत नाना वळले आणि नळाकडे हात धुवायला गेले.

त्या संध्याकाळी आई म्हणाली, "चेहरा बघ कसा झालाय. सोडून दे ते अपडाऊन." वडील ड्यूटीवरून आले होते, बूट न काढताच खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, "काम आहे म्हटल्यावर थकायचंच." मी जेवले आणि भांडी घासली. कोणाला सांगितलं असतं तर आईने म्हटलं असतं, "मग सांगून टाक," आणि वडिलांनी म्हटलं असतं, "आता बोलून काय उपयोग." दोन्ही मला माहीत होतं, म्हणून विचारलं नाही.

मी स्वतःला बऱ्याच गोष्टी सांगितल्या. नाना तसेही थकलेत. फार तर शेठ त्यांना बाइंडिंगमध्ये बसवतील, उभं राहावं लागणार नाही. त्यांचे डोळे खरंच कमी झाले असतील. शेठ मला काढतील, आणि मग घरी बसल्यावर बघायला येणारे लोक सुरू होतील. यातलं प्रत्येक थोडंथोडं खरं होतं. पण खरं कारण त्यापेक्षा लहान होतं. चूक सांगायची म्हणजे ती कशी झाली ते सांगावं लागणार होतं, आणि ते सांगायचं म्हणजे मला मुळाक्षरं येत नाहीत, आकडे येत नाहीत, हे त्या खोलीत, त्या सगळ्यांसमोर म्हणावं लागणार होतं.

शनिवारी शेठनी सांगितलं. सोमवारपासून केसवर भुसावळहून एक नवीन माणूस येणार आहे, तरुण आहे, हात वेगात चालतो. नाना बाइंडिंगला बसतील. "आराम पडेल तुम्हाला नाना," शेठ म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते अवघड जात होतं, टेबलावरचा पेपरवेट ते इकडून तिकडे सरकवत होते.

"बरं शे," नाना म्हणाले.

मग त्यांनी दिवसभराचे खिळे सोडवून घराघरांत परत टाकले. नेहमीसारखंच, न बघता. खिळे घरात पडतात तेव्हा बारीक आवाज होतो, तो मशीनच्या आवाजातही मला ऐकू येत होता. सगळं संपल्यावर त्यांनी रॉकेलच्या चिंधीने स्टिक पुसली. ती स्टिक प्रेसची नव्हती, त्यांची स्वतःची होती, शेठच्या वडिलांच्या वेळेपासून त्यांच्या हातात होती. तरी ती त्यांनी आणून शेठच्या टेबलावर ठेवली. "नवा मानूसले लागी," म्हणाले.

शेठ म्हणाले, "अहो, ती तुमची आहे, घेऊन जा."

"घर मी तिनं काय करू?"

मी उठले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज मलाच मोठा वाटला. तारेपाशी गेले, वरचे कागद बाजूला केले, वहीचं पान आणि चिठ्ठ्यांचा कागद काढला. तारेने बोटाला ओरखडा आला. दोन्ही कागद मी शेठच्या टेबलावर, स्टिकच्या शेजारी ठेवले. पेन्सिलीने रेघ ओढली तेव्हा पुरलं होतं, तसं हेही पुरेल असं मला वाटलं असावं. पण शेठनी कागदांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना काही कळलं नाही. कळण्यासारखं काही नव्हतंच त्यात, नुसते आकडे आणि नावं.

"काय मॅडम?"

मी काहीतरी बोलले. ट्रेडल चालू होतं.

"काय? जरा जोरात बोला."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं आणि मशीन थांबवलं. बाइंडिंगच्या दोघी दारात आल्या होत्या. नाना तिथेच उभे होते, हाताला रॉकेलचा वास. माझे कान तापले होते. मी शेठकडे बघू शकले नाही, म्हणून नानांकडे बघितलं.

"नाना, तुमचा हात चुकला नाही. कागदावर होतं तेच तुम्ही लावलं. आकडे मी इंग्रजी क्रमाने दिले आणि नावं मराठी क्रमाने. मला मराठी आकडे मोठ्याने वाचता येत नाहीत, म्हणून मी तुमच्यासोबत वाचायला बसले नाही. मला लाज वाटत होती. चूक माझी आहे."